१६० चौरस फुटांचा हिशेब

अलीकडे लग्न असो, नामकरण असो की पुण्यानुमोदन असो, चार माणसे एकत्र बसली की बोलणे फर्निचरवर येऊन थांबते. कारणही तसेच आहे. वरळीच्या बीडीडी चाळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी नव्या इमारतीतील घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या एका खोलीत ज्यांच्या तीन-तीन पिढ्या वाढल्या, ती माणसे ५०० चौरस फुटांच्या घरात गेली. बाकीच्या अनेकांची पाळी अजून यायची आहे. झोपडपट्टी पुनर्वसनातल्या बांधवांचा हिशेब आणखी वेगळा. तेथे आरंभी २२५ चौरस फूट मिळत, पुढे २६९ झाले, नंतर ३००. म्हणजे आपल्या बहुसंख्य वाचकांचे घर आजही दीडशे ते तीनशे फुटांच्या दरम्यानचेच आहे, आणि प्रश्न एकच आहे : सामान ठेवायचे कुठे, माणसे झोपवायची कुठे, आणि शिकणाऱ्या मुलाने बसायचे कुठे?

आम्ही पडलो आकडेमोडीची माणसे. तेव्हा खोलीचाही ताळेबंद मांडून पाहू. खोली १६० चौरस फूट. पलंग चार बाय सहा, म्हणजे २४ फूट गेले. खोलीचे पंधरा टक्के एका पलंगाने खाल्ले. मोरी तीन बाय चार, १२ फूट. ओटा पाच बाय दोन, १० फूट. लोखंडी कपाट तीन बाय दीड, म्हणजे साडेचार फूट. परंतु येथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. कपाटाचे दार उघडायला पुढे तेवढीच जागा रिकामी लागते, म्हणून कपाटाच्या नावे साडेचार नव्हे, नऊ फूट खर्ची टाकले पाहिजेत. फ्रिजचे तसेच, चारचे आठ. खोलीचा मुख्य दरवाजा आत उघडत असेल तर सहा फूट त्याचे. बेरीज ६९. उरले ९१. घरात सहा माणसे आहेत, दोघे पलंगावर निजली, चौघे जमिनीवर. माणशी अडीच बाय सहा धरले तर ६० फूट. शिल्लक ३१. आणि हे ३१ फूट एका जागी नाहीत. ते दोन अंथरुणांच्या मध्ये, कपाटाच्या पायाशी, दाराच्या मागे असे सुटे सुटे विखुरलेले आहेत. त्यांत अभ्यासाचे टेबल बसत नाही.

हा ताळेबंद एकदा कागदावर मांडला की पुष्कळ गोष्टी आपोआप कळतात. दाराच्या पाखीने अडवलेली जागा ही छुपी उधारी आहे. कपाटाला सरकते दार किंवा साधा पडदा लावला की तेवढी जागा कोणतेही बांधकाम न करता परत मिळते. दुसरे असे की, आपण फक्त जमीन मोजतो. खोलीला उंचीही असते, आणि सहा फुटांच्या वरची हवा बहुतेक घरांत बिनवापराची पडून असते. चाळीतल्या माणसाला हे कोणी शिकवावे लागले नाही. जुन्या चाळींची छते उंच होती, म्हणून त्याने पोटमाळा काढला. खाली संसार, वर ट्रंका, गाद्या, पावसाळ्यासाठी ठेवलेले सरपण, आणि थोरला मुलगा दहावीला आला की तोही वर. आज सिनेमात आणि मासिकांत ज्याला मोठे नाव देऊन दाखवतात ती कल्पना लालबाग-परळच्या खोल्यांत शंभर वर्षे वापरात आहे.

त्याही मागे जायचे तर गावाकडचे घर आठवावे. भिंतीतला कोनाडा म्हणजे जमीन न अडवणारे कपाट. आढ्याला टांगलेले शिंके म्हणजे मांजरापासून आणि मुंग्यांपासून सुरक्षित ठेवणी. उतरंड म्हणजे एका मडक्याच्या जागेत सात मडकी. आडव्या दांडीवर घरातल्या सगळ्या वाकळा आणि धडुती. पेव तर जमिनीच्या पोटात. ही सगळी हुशारी खरी, पण एवढे लक्षात ठेवावे की पेव आणि बळद पाटलाच्या वाड्यात असे. गावकुसाबाहेरच्या घरात वर्षाचे धान्य साठवायचा प्रश्न फारसा उद्भवत नसे. आपल्या माणसांची खरी ठेवणी खुंटीवर आणि दांडीवर होती.

गिरणगावात आल्यावर मात्र त्याच माणसांनी आणखी एक युक्ती काढली, आणि आमच्या मते ती सगळ्यांत मोठी आहे. त्यांनी जागा न वाटता वेळ वाटली. गिरण्या तीन पाळ्यांत चालत, म्हणून खोलीही तीन पाळ्यांत चाले. रात्रपाळीचा माणूस सकाळी येऊन पसरे, तेव्हा दिवसपाळीच्याची वळकटी भिंतीशी गुंडाळून उभी असे. ज्याची त्याची एक ट्रंक आणि एक वळकटी, एवढेच फर्निचर. अंथरूण गुंडाळले की शय्यागृह संपले, तेथेच पाट मांडला की भोजनगृह.

जपानी लोक हेच करतात, फक्त नीटनेटके. तेथल्या पारंपरिक खोलीत पलंग नसतो. चटयांच्या जमिनीवर गादी अंथरतात आणि सकाळी घडी करून भिंतीतल्या खोल कपाटात ठेवतात. ते कपाट साधारण तीन फूट खोल असते आणि मध्यावर एकच मजबूत फळी असते, कारण ते कपड्यांसाठी नसून गाद्यांच्या घडीच्या मापाने केलेले असते. जेवणाचे टेबलही बुटके, दुमडत्या पायांचे. त्यांनी आणखी एक केले : जिन्याच्या पायऱ्यांखाली खण बसवून जिना आणि कपाट एकच करून टाकले. पोटमाळ्याच्या शिडीला जी जागा वाया जाते तिचा असा उपयोग आपल्याकडेही करता येण्यासारखा आहे. चार पायऱ्यांत चार पेट्या.

अमेरिकेत मात्र पलंगाशिवाय भागेना. तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या विल्यम मर्फी नावाच्या गृहस्थाने विसाव्या शतकाच्या आरंभी पलंगच उभा करून भिंतीच्या कपाटात लपवला. असे सांगतात की तो एका खोलीत राहत असे, आणि पलंग दिसत असलेल्या खोलीत परक्या तरुणीला बोलावणे तेव्हाच्या रीतीत बसत नव्हते, म्हणून त्याने ही खटपट केली. खरे-खोटे तोच जाणे. परंतु भिंतीतल्या पलंगाला तेथे आजही मर्फीचेच नाव आहे, आणि आपल्याकडच्या दुकानांतही हा प्रकार आता सर्रास दिसतो. याविषयी पुढे बोलू.

या सगळ्या इतिहासात आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती एका बाईची कामगिरी. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांची भयंकर टंचाई होती. फ्रँकफुर्ट शहराने कामगारांसाठी मोठ्या वसाहती बांधायला घेतल्या. त्या घरांचे स्वयंपाकघर आखण्याचे काम मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या तरुण महिला वास्तुविशारदाकडे आले. १९२६ साली तिने जे स्वयंपाकघर आखले ते सुमारे सव्वासहा फूट रुंद आणि सव्वाअकरा फूट लांब, म्हणजे सत्तर चौरस फुटांचे. अशी दहा हजारांच्या आसपास स्वयंपाकघरे तेथे बांधली गेली. तिने आधी काय केले, तर स्वयंपाक करणाऱ्या बाईची पावले मोजली. चूल ते धुण्याची जागा किती पावले, तेथून मांडणी किती पावले. आगगाडीच्या भोजनाच्या डब्यात एवढ्याशा जागेत शेकडो माणसांचे जेवण कसे बनते, हेही अभ्यासले. मग खिडकीखाली चिराचिरीचे टेबल, त्याला केरकचरा सारण्यासाठी खाच, पुढे फिरते स्टूल, भिंतीला दुमडणारा इस्त्रीचा पाट, छताला सरकता दिवा. डाळ-तांदूळ-साखरेसाठी अॅल्युमिनियमचे मुठीचे खण, त्यांना पुढे ओतायची चोच आणि नावाची पट्टी. पिठाचे खण तेवढे ओक लाकडाचे, कारण त्याने पिठाला अळी लागत नाही. म्हणजे एकूण एक वस्तूला कारण होते.

गंमत अशी की, ती आखणी करीपर्यंत आपण स्वतः कधी स्वयंपाक केला नव्हता, हे तिनेच पुढे मोकळेपणाने सांगितले. पुढे हिटलरशाहीविरुद्धच्या गुप्त लढ्यात ती पकडली गेली, १९४१ पासून युद्ध संपेपर्यंत तुरुंगात राहिली, आणि २००० साली, एकशेतीन वर्षांची होण्यास थोडे दिवस कमी असताना, निवर्तली.

त्या स्वयंपाकघरावर टीकाही झाली आणि ती रास्त होती. ते एकाच माणसाच्या मापाचे होते. दोघांनी उभे राहायचे म्हटले तर कोपराला कोपर लागे. म्हणजे बाईची पावले वाचली, पण तिला मदत करायला दुसरे कोणी आत येण्याची सोय उरली नाही. शिवाय ते सुबक खण इतके खाली होते की लहान मुले ते ओढून साखर-तांदूळ सांडून ठेवीत. आमच्या भगिनींनी यातून घ्यायचे ते घ्यावे. मापे घेताना सुतार भिंत मोजतो, घरमालक खर्च मोजतो. जिला ती फळी रोज वापरायची आहे तिचा हात कुठवर पोहोचतो हे कोणी मोजत नाही. आम्ही परवा एका घरी पाहिले, रोजच्या वापराचे डबे इतक्या उंच कपाटात होते की माउली भाजीला फोडणी देण्याआधी स्टुलावर चढत होती. खाली मात्र काचेच्या दारामागे वर्षातून दोनदा निघणारा कपबशांचा सेट! रोजची वस्तू गुडघ्याच्या वर आणि डोळ्यांच्या खाली असावी. वर्षातून एकदा लागणारी वस्तू माळ्यावर. यासाठी एक पैसा खर्च नाही.

आता शोरूमच्या मालाकडे वळू. भिंतीतला पलंग उत्तम वस्तू आहे, नाही असे नाही. बंद केल्यावर तो भिंतीपासून दीड फुटाच्या आत राहतो. परंतु त्याचा सगळा भार भिंतीतल्या बोल्टांवर आणि दोन गॅसच्या दट्ट्यांवर असतो. ते दट्टे ठराविक वजनाच्या हलक्या गादीचे माप धरून बसवलेले असतात. आपण त्यावर आईने भरून घेतलेली कापसाची जड गादी टाकली की तो वर जायला कुरकुरतो, आणि कधी हातातून सुटून खालीही येतो. घरात लहान मूल असेल तर जपावे. पोकळ विटांच्या पातळ भिंतीत तर बसवूच नये. ज्या घरातली माणसे आजही आनंदाने जमिनीवर गादी घालून निजतात, त्यांनी पन्नास-साठ हजार रुपये देऊन पलंग आधी विकत घ्यायचा आणि मग तो लपवायचा, हा उद्योग आम्हाला समजत नाही. घरात गुडघेदुखीचे वृद्ध असतील तर गोष्ट वेगळी. त्यांना रोज उभा-आडवा करायचा पलंग नको, कायमचा, दीड फूट उंचीचा, खाली खण असलेला दिवाण हवा. खण समोरून ओढायचे घ्यावेत. वरची फळी उचलून उघडायची पेटी असेल तर आतली चादर काढण्यासाठी आधी आजीला उठवावे लागते.

शोरूमवाला हप्त्याची सोय देतो, तेथे डोळे उघडे ठेवावेत. १ लाखाचे फर्निचर, व्याज फक्त १२ टक्के, मुदत ३ वर्षे, असे सांगितले जाते. हे १२ टक्के बहुधा पूर्ण रकमेवर तिन्ही वर्षे धरलेले असतात. म्हणजे व्याज ३६ हजार, हप्ता ३,७७८ रुपये. परंतु तुम्ही तर दरमहा मुद्दल फेडत असता. शेवटच्या वर्षी तुमच्याकडे लाख रुपये नसतातच. घटत्या शिलकीवर हिशेब केला तर हा दर २१ टक्क्यांच्या वर जातो. घर फुकट मिळाले आणि कपाटाने कर्जात घातले, अशी कुटुंबे दिसू लागली आहेत. आधी वर्षभर नव्या घरात साधेपणाने राहावे, वस्तू कुठे अडते आणि कुठे लागते ते पाहावे, आणि मग एकेक करून घ्यावे.

मात्र एक वस्तू पहिल्याच महिन्यात करावी असे आम्ही आग्रहाने सांगतो, ती म्हणजे मुलांच्या अभ्यासाची जागा. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात बाबासाहेबांच्या परळच्या विद्यार्थिदशेचे वर्णन आहे. एकच खोली, तीत भांडीकुंडी, उशाशी जाते, पायाशी बकरी. रामजी सुभेदार मुलाला लवकर निजवत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग त्याला उठवून अभ्यासाला बसवत आणि त्याच्या जागी स्वतः निजत. ही गोष्ट भाषणांत नेहमी सांगितली जाते, परंतु भाषण करणाऱ्याच्या घरी दूरदर्शनसंच रात्री अकरापर्यंत चालू असतो आणि बारावीची मुलगी बाथरूमच्या दाराशी बादली उपडी घालून बसलेली असते! सुभेदारांजवळ जागा नव्हती, त्यांनी आपली झोप दिली. पुढे बाबासाहेब बीआयटी चाळीत राहिले तेव्हा तेथेही खोल्या दोनच होत्या, आणि ग्रंथांना जागा हवी म्हणून दादरला राजगृह उभे राहिले.

टेबलाची कृती अशी. अडीच फूट लांब, दीड फूट रुंद, पाऊण इंची प्लायची फळी घ्यावी. सनमायका दोन्ही बाजूंना लावावा, एकाच बाजूला लावला तर फळी वाकते. भिंतीत जमिनीपासून २८ इंचांवर एक आडवी लाकडी पट्टी चार मजबूत स्क्रूंनी ठोकावी आणि फळी तिला लांब पियानो बिजागरीने जोडावी. फळीच्या खाली दोन त्रिकोणी पाख्या, त्याही भिंतीला बिजागरीवर. पाख्या बाहेर वळवल्या की फळी त्यांवर टेकते, आत वळवल्या की फळी खाली पडून भिंतीला चिकटते. बंद असताना सगळे मिळून तीन-चार इंच. हिला पायच नसल्याने झाडू-पोछाही अडत नाही.

ज्या घरात खुर्ची ठेवायलाही जागा नाही तेथे मांडी घालून बसायचे टेबल हवे, त्याची उंची १२-१३ इंच. येथे एक मेख आहे. दीड फूट रुंदीची फळी १३ इंचांवरून खाली पडूच शकत नाही, ती जमिनीला टेकते. म्हणून ती वर दुमडावी, आणि उघडल्यावर दोन्ही टोकांना साखळ्यांनी पेलावी. रेल्वेच्या स्लीपर डब्यात मधला बर्थ जसा साखळ्यांवर लटकतो तसाच, फक्त बुटका. तो डबा तरी काय आहे? एका कप्प्यात आठ माणसे निजतात, असे ७२ बर्थ एका डब्यात, आणि दिवसा त्याच मधल्या बर्थची पाठ टेकायची फळी होते. तो बर्थ रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतच उघडायचा, असा नियम आहे. वस्तू दुमडती असली की घरालाही वेळापत्रक लागते. अभ्यासाचे टेबल सात ते दहा उघडे असेल तर त्या तीन तासांत त्या भिंतीशी कोणी कपड्यांच्या घड्या घालायच्या नाहीत, एवढा ठराव सर्वांनी मिळून करावा.

टेबलावर पुस्तकांची फळी दहा इंच खोल पुरते. लांबी अडीच फुटांपेक्षा जास्त ठेवल्यास मध्ये आधार द्यावा. एक फूट पुस्तकांच्या रांगेचे वजन सहज आठ-दहा किलो भरते आणि फळी वर्षभरात पोट काढते. दिवा उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या डावीकडे. फळीच्या टोकाला एक बंद कप्पा कागदपत्रांसाठी : जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, गुणपत्रिका, शिधापत्रिका, घराचा करारनामा. गादीखाली ठेवलेले दाखले वाळवीने खाल्लेले आम्ही फार पाहिले आहेत. एकेक प्रत विहारात वा नातलगाकडेही असू द्यावी.

लाकडाविषयी थोडे. मोरीजवळ, ओट्याखाली भुशाचे बोर्ड अजिबात वापरू नका, एका पावसाळ्यात पावासारखे फुगतात. तेथे आयएस ७१० शिक्क्याचे प्लाय घ्यावे आणि शिक्का स्वतः पाहावा. नव्या इमारतीत भिंतीला ड्रिल मारण्याआधी विजेची नळी कुठून गेली आहे ते विचारावे. बटणाच्या सरळ वर-खाली भोक पाडू नये, आणि खांब-तुळईला हात लावू नये. मिस्त्रीला सगळी मापे कागदावर लिहून, दोघांच्या सह्या करून द्यावीत. उचल एक तृतीयांश, माल आला की एक तृतीयांश, आणि उरलेले पैसे फळी दहा वेळा उघडून-मिटवून पाहिल्यावर. ती उघडून पाहण्याचे काम मुलीलाच सांगावे, म्हणजे कडी तिच्या हाताला घट्ट जाते का, तेही कळेल.